दोष शेठजींच्या माथी, सही मात्र कुणाची?

दांडियाबाजार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एलॉन मस्कवर आपल्याकडे भरपूर बोलून झालं, पण त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट कुणी फारशी उचलली नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये व्हाइट हाउसच्या एका अधिकाऱ्याने न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. सरकारी खर्चाला कात्री लावणाऱ्या 'डोज'चे मस्क प्रमुख नाहीत, ते राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार आहेत आणि स्वतः सरकारी निर्णय घेण्याचा कुठलाही अधिकार त्यांना नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्याच सुमारास लोक टेस्लाच्या शोरूमसमोर फलक घेऊन उभे होते. नोकरी गेलेल्या माणसाच्या तोंडी नाव मस्कचं, आणि 'डोज' ज्या आदेशाने जन्माला आलं त्याच्यावर 20 जानेवारीला सही ट्रम्प यांची.

मस्क यांनी 2024 च्या निवडणुकीत 25 कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला होता, तेव्हा त्यांची कीव करण्याचं कारण नाही. पण पुढे काय झालं ते पाहा. मेअखेर ते सरकारातून बाहेर पडले, जूनमध्ये दोघांचं जाहीर भांडण झालं. लोकांना वाटलं, गेला एकदाचा. आणि 1 जुलैपासून यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेने परदेशातल्या मदतीचं काम अधिकृतपणे थांबवलं. ज्याच्यावर राग होता तो गेला, ज्या गोष्टीचा राग होता ती तशीच पार पडली.

हे सगळं वाचताना मला आपलं बडोदं आठवत राहिलं. हरिभक्ती एक्स्टेन्शनवरून आपण रोज जातो, 'शामळ बेचरची पोळ' (गल्ली) असं पत्त्यात लिहितो. ही एका काळी गायकवाडी राज्य तारणारी सावकारी घराणी होती. 1802 च्या सुमारास अरब शिबंदीचा, म्हणजे भाडोत्री सैन्याचा पगार थकला, राज्य कर्जात बुडालं, तेव्हा पेढ्यांनी पैसा पुरवला आणि त्या कर्जाला ईस्ट इंडिया कंपनी जामीन राहिली. मग महसूल वसुलीच्या वराता, म्हणजे हुकूमनामे, पेढ्यांच्या नावे निघू लागल्या. रयतेला दिसायचा तो सावकाराचा कारकून. कर्ज काढणारा दरबार आणि जामीन राहून राज्यात पाय पसरणारी कंपनी, दोघेही दिसायचे नाहीत. 1828 मध्ये मुंबई सरकारने गायकवाडांचे काही महाल जप्त केले तेही 'सावकारांची देणी फेडण्यासाठी'. म्हणजे राज्याचा तुकडा ताब्यात घ्यायलासुद्धा शेठजींचंच नाव कामी आलं.

त्याआधीचं गंगाधरशास्त्री प्रकरण तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गायकवाडांचे वकील म्हणून ते पुण्याला गेले आणि जुलै 1815 मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. गायकवाड-पेशवे वादाच्या मुळाशी अहमदाबादचा इजारा (महसूल वसुलीचा मक्ता) होता, आणि तो 1814 मध्ये गायकवाडांकडून काढून पेशव्यांच्या मर्जीतल्या त्र्यंबकजी डेंगळ्यांना दिला गेला होता. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने आरोप ठेवला त्र्यंबकजींवर. पेशव्यांनी थोडे दिवस टाळाटाळ केली आणि अखेर त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं. खून कुणाच्या हुकमाने झाला यावर दोनशे वर्षं वाद आहे. ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत कोण गेलं यावर वाद नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. धनिक माणूस सत्तेजवळ जातो तो दोन्ही बाजूंचा सौदा असतो. त्याला ठेका मिळतो, जमीन मिळते, सवलत मिळते. सत्तेला पैसा मिळतो, आणि वेळ आली की दोष ठेवायला एक खांदाही मिळतो. शेठजींना शिव्या घालून आपण मोकळे होतो तेव्हा सौद्याचा तो दुसरा भाग आपणच पुरा करत असतो. म्हणून मला वाटतं, कुठल्याही प्रकरणात पहिला प्रश्न हा विचारावा: कागदावर सही कुणाची?

तुमची मतं वाचायला आवडतील. पक्षांची नावं घेऊन भांडण नको, प्रकरणांवर बोलू या.

---

मांजलपूरकर

धाग्याचा विषय चांगला, पण काका, तुमचा रोख मला पटला नाही. शेठजी खांदा देतात म्हणताना त्यांचं पारडं तुम्ही फार हलकं करताय. आपल्या देशात खांदा देणारे पुढारी आहेत, शेठजी नव्हेत. धोरण त्यांच्या सोयीचं होतं आणि निवडणुकीत मार खातो तो आमदार.

निवडणूक रोखेच घ्या, म्हणजे नाव उघड न करता पक्षांना देणगी द्यायची योजना. कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर 1969 मध्ये बंदी आली, 1985 मध्ये ती उठली. पुढे मर्यादा होती ती मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची. 2017 च्या वित्त कायद्याने ती मर्यादाच काढून टाकली. तोट्यातली कंपनीही वाटेल तेवढं देऊ शकेल आणि कुणाला दिलं ते सांगायची गरज नाही! 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ही योजना रद्द केली, तोवर 16 हजार कोटींहून जास्त रकमेचे रोखे विकले गेले होते. सगळ्यात मोठा खरेदीदार कोण निघाला? लॉटरीचा धंदा करणारी एक कंपनी, 1,368 कोटी. एवढा पैसा ओतणारा माणूस कुणाचा दोष अंगावर घ्यायला बसलेला नसतो. तो दोष विकत घेत नाही, माणूस विकत घेतो.

---

रावपुरा_निवृत्त

मी आयुर्विमा महामंडळात आयुष्य काढलं, त्यामुळे या विषयावर आमच्या खात्याचाच दाखला देतो. नव्या पिढीला मुंदडा प्रकरण नावापुरतंच माहीत असतं.

महामंडळ स्थापन झालं 1956 मध्ये. दुसऱ्याच वर्षी, जून 1957 मध्ये, हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर महामंडळाने घेतले. गुंतवणूक समितीला विचारलं नाही. कंपन्यांची हालत वाईट होती. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरला आणि न्या. छागलांचा आयोग नेमला गेला. मुंबईत उघड सुनावणी, बाहेर लोकांसाठी कर्णे लावलेले. मी नोकरीला लागलो तेव्हा ते ऐकून आलेले वरिष्ठ आमच्या शाखेत होते, चहाच्या वेळी हमखास ती गोष्ट निघायची.

मुंदडा तुरुंगात गेला, बरोबरच झालं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींची बाजू अशी की व्यवहार सचिवांनी केला, मला त्याची कल्पना नव्हती. सचिव होते एच. एम. पटेल. छागलांनी स्पष्ट लिहिलं की सचिवाने केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, 'माझ्या माणसाने केलं' असं म्हणून मंत्र्याला सुटता येत नाही. फेब्रुवारी 1958 मध्ये मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. दांडियाबाजार काका जो सहीचा प्रश्न विचारतात, त्याचं उत्तर आपल्याकडे तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे. एक व्यापारी, एक सचिव आणि एक मंत्री, तिघांपैकी कुणालाही दुसऱ्याच्या आड लपू दिलं नाही, आणि हे सगळं महिन्याभरात. आज एखाद्या चौकशीचा अहवाल महिन्यात आलेला कुणी पाहिलाय का?

थोडं अवांतर: पटेलसाहेब नंतर आपल्या शेजारीच, वल्लभ विद्यानगरला येऊन शिक्षणाच्या कामात रमले. आणि 1977 मध्ये जनता सरकारात तेच देशाचे अर्थमंत्री झाले.

---

विश्वामित्री

+1 रावपुराकाका. छागला आयोगाबद्दल इतकं नेटकं पहिल्यांदाच वाचलं.

---

एडिसनवासी

मूळची बडोद्याची, कारेलीबागेत वाढले, आता न्यू जर्सीत. इथलं चित्र मांजलपूरकर म्हणतात तसं सरळ नाही, म्हणून लिहिते.

एप्रिल 2025 मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी निवडणूक झाली. मस्क आणि त्यांच्या गटांनी त्यात दोन कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला, स्वतः प्रचाराला गेले. त्यांचा उमेदवार हरला. त्यानंतर इथल्या वर्तमानपत्रांत सूर असा की पराभव मस्कचा झाला. पक्षाचा किंवा राष्ट्राध्यक्षांचा झाला असं कमीच जणांनी म्हटलं. पैसाही त्यांचाच आणि पराभवही त्यांचाच. धनिकाचं वजन खरं आहे, पण ते वजन वापरणाऱ्यालाही माहीत असतं की हा माणूस अंगरख्यासारखा काढून ठेवता येतो.

आमच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबात केंद्र सरकारची नोकरी होती, ती गेली. ती ताई रोज मस्कला बोलायची. मी एकदा विचारलं, तुझ्या बडतर्फीच्या पत्राखाली नाव कुणाचं आहे? तिच्याच खात्याच्या अधिकाऱ्याचं होतं. त्या अधिकाऱ्याबद्दल, त्याला नेमणाऱ्याबद्दल तिने तोवर विचारच केला नव्हता. तिला दोष देत नाही मी. राग आलेल्या माणसाला समोर चेहरा लागतो, आणि मस्कचा चेहरा रोज टीव्हीवर होता.

---

हरणीरोड

इतका वेळ वाचत होते. अमेरिका, पेशवाई सगळं ठीक आहे. आपल्या गावातलं कुणीच का लिहीत नाही?

18 जानेवारी 2024. हरणी तलाव. शाळेच्या सहलीला आलेली मुलं. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली, सगळ्यांना लाईफ जॅकेटही नव्हती. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. मी दुसऱ्या शाळेत शिकवते, माझ्या वर्गातली मुलं त्याच वयाची. त्या आठवड्यात वर्गात उभं राहवत नव्हतं.

ठेकेदार कंपनीच्या भागीदारांना पकडलं. पकडलंच पाहिजे होतं, त्यांच्याबद्दल मला तिळमात्र सहानुभूती नाही. पण तलाव त्यांच्या बापाचा नव्हता. तो पालिकेचा, म्हणजे आपला. 2017 मध्ये तो कुणीतरी त्यांच्या हाती दिला. पात्रता नसताना या कंपनीला काम मिळालंच कसं, हे गुजरात हायकोर्टाने विचारलं आणि त्या वेळच्या पालिका आयुक्तांच्या भूमिकेवर ताशेरे ओढले. कोर्टाने विचारलं म्हणून आपल्याला कळलं. आपण गाववाल्यांनी काय विचारलं? मेणबत्त्या घेऊन आपण सगळे आलो आणि ठेकेदाराला फाशी द्या म्हणून घरी गेलो. मीही त्यात होते. स्थायी समितीत ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, सात वर्षांत तपासणी कोणी केली, हे एकाही फलकावर लिहिलेलं नव्हतं.

---

मांजलपूरकर

हरणीरोडताई, यावर वाद घालण्यासारखं काही नाही माझ्याकडे. फक्त एक सांगतो. ठेकेदार पकडला जाणं हीसुद्धा आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. आपण 'सही कुणाची' म्हणत वर बघत राहिलो आणि तेवढ्यात ठेकेदारच सुटला, असं व्हायला नको. मोठ्या शेठजींचे वकील हेच म्हणतात ना, आम्ही फक्त करार पाळला, परवानगी सरकारने दिली.

---

सयाजीगंज_वकील

दोन्ही बाजूंना धरून कायद्याचं थोडं सांगतो, कारण ठेकेदार आधी आणि सही करणारा नंतर (किंवा कधीच नाही) हे नुसत्या हेतूने होत नाही. रचनाच तशी आहे.

खासगी माणसावर गुन्हा नोंदवायला, त्याला अटक करायला, आरोपपत्र ठेवायला कुणाची पूर्वपरवानगी लागत नाही. लोकसेवकाचं तसं नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 19 खाली खटला चालवायला मंजुरी लागते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 197, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 218, तेही तेच सांगतं: पदाचं काम करताना घडलेल्या गुन्ह्यासाठी आधी सरकारची मंजुरी. आणि 2018 मध्ये 17अ हे कलम घातलं गेलं. त्याने अधिकाऱ्याने वा मंत्र्याने घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी सुरू करायलाही पूर्वसंमती लागू लागली. संमती कुणी द्यायची? बहुधा त्याच सरकारने.

प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या तक्रारींपासून वाचवायला अशी ढाल हवी, हे मी मानतो. मी स्वतः अशा एका अधिकाऱ्याची बाजू मांडली आहे. पण परिणाम काय होतो ते बघा. घटना घडली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांना चोवीस तासांत कुणीतरी हवा. ज्याच्यासाठी फाईल वर पाठवावी लागत नाही तोच हाती लागतो.

शेठजींनी तोंड उघडलं तरी फार होत नाही, हेही आपण पाहिलंय. 1991 मध्ये हवाला प्रकरणातल्या जैन बंधू या व्यावसायिकांच्या डायऱ्या सापडल्या. त्यांत मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरं आणि पुढे रकमा. 1996 मध्ये मंत्र्यांचे राजीनामे झाले, ग्वाल्हेरचे माधवराव शिंदेही त्यांत होते. शेवटी 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सुटे कागद म्हणजे हिशेबाची वही नव्हे, आणि वहीतली नोंदही एकटी पुरावा म्हणून पुरत नाही. कायदा म्हणून निकाल योग्यच आहे, नाहीतर कुणीही कुणाचंही नाव वहीत लिहील. शेअर दलाल हर्षद मेहताने 1993 मध्ये पत्रकारांसमोर सुटकेस ठेवून पंतप्रधानांना एक कोटी दिल्याचा दावा केला. तोही सिद्ध झाला नाही आणि मेहता 2001 मध्ये कोठडीत असतानाच वारला. देणाऱ्याचा शब्द कोर्टात टिकत नाही. टिकतो तो सरकारी कागद.

---

पाणीगेट

वकीलसाहेबांनी 'हाती लागतो' म्हटलं त्यावर मोरबीचं सांगायलाच हवं. 30 ऑक्टोबर 2022 ला झुलता पूल पडला, 135 माणसं गेली. पहिल्या फेरीत नऊ जण धरले. त्यांत तिकीट फाडणारे होते, सुरक्षारक्षक होते. पंधरा-वीस रुपयांचं तिकीट फाडणारा माणूस पुलाच्या तारा तपासणार होता का? पूल चालवणाऱ्या कंपनीचा मालक जानेवारीअखेर शरण आला, म्हणजे तीन महिन्यांनी. 2024 च्या मार्चमध्ये त्याला जामीन मिळाला. पूल कंपनीला दिला होता नगरपालिकेने, निविदा न काढता, जेमतेम दीड पानाच्या करारावर. हायकोर्टालाच त्याचं आश्चर्य वाटलं. पालिका बरखास्त झाली एप्रिल 2023 मध्ये. आणि मधल्या डिसेंबरात विधानसभेची निवडणूक होऊन गेली, मोरबीची जागा सत्ताधारी पक्षानेच जिंकली.

म्हणजे शेठजी पुढाऱ्याचा दोष घेतात हे अर्धंच झालं. शेठजींचा दोष घ्यायलाही त्यांच्याखाली माणसं ठेवलेली असतात. तिकीटवाल्याच्या बायकोपोरांनी काय करायचं, यावर मी कुठे एक ओळ वाचली नाही.

---

दांडियाबाजार (धागाकर्ता)

हरणीरोडताई, धागा काढताना तो विषय माझ्या मनात होता. लिहायला हात धजला नाही, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

मांजलपूरकर, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो माझ्या मुद्द्याच्या विरोधात आहे असं मला वाटत नाही. रोख्यांचंच बघा. रोखे घेणाऱ्या कंपन्यांची यादी आली तेव्हा दोन दिवस आपण सगळे कंपन्यांची नावं मोजत बसलो. पण नफ्याची मर्यादा काढणारी दुरुस्ती कुठल्याही कंपनीने केलेली नाही. ती संसदेत झाली, अर्थसंकल्पाबरोबर, वित्त विधेयकात घालून. कुणी किती दिले हे विचारायलाच हवं, पण ते देता येतील अशी वाट कुणी करून दिली हे त्याआधी विचारायला हवं. शेठजी सुटावेत असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पकडलेल्या शेठजींच्या मागे फाईल बंद होते, त्याबद्दल मी बोलतोय.

वकीलसाहेबांच्या कलमांमुळे माझ्या डोक्यातलं चित्र पुरं झालं. मला आजवर वाटायचं की हे सगळं पुढाऱ्यांच्या चलाखीने होतं. रचनाच खासगी माणसाला पुढे ढकलणारी असेल तर आपण लोकांनी दुसऱ्या बाजूने तेवढाच जोर लावला पाहिजे.

---

एडिसनवासी

पाणीगेट, तिकीटवाल्यांबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार. वाचून थांबावं लागलं.

---

हरणीरोड

मला आता गोल चर्चा नको वाटते. वकीलसाहेब, साधं सांगा. मांजलपूरच्या तलावाचं किंवा कमाटीबागेतल्या एखाद्या खेळण्याचं काम उद्या कुणाला दिलं, तर त्याची सही आमच्यासारख्यांना बघता येते का? काही घडायच्या आधी?

---

सयाजीगंज_वकील

येते. महापालिका कायद्याप्रमाणे ठरावीक रकमेवरचे ठेके स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय होत नाहीत, म्हणजे ठराव असतोच. माहिती अधिकारात अर्ज करा, खंडेराव मार्केटमधल्या मुख्य कचेरीत. गुजरातमध्ये अर्जाची फी 20 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस, नाही मिळालं तर पहिलं अपील त्याच कचेरीतल्या वरिष्ठाकडे.

'भ्रष्टाचार झाला का' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा. निविदेची जाहिरात आणि आलेल्या सगळ्या निविदांची तुलनात्मक यादी. पात्रतेच्या अटी आणि त्या तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा. फाईलवरच्या टिपणी पानाच्या प्रती, कारण खऱ्या सह्या तिथे असतात. स्थायी समितीचा ठराव, मांडणाऱ्या आणि अनुमोदन देणाऱ्याच्या नावासह. कराराची पूर्ण प्रत. आणि काम दिल्यापासूनचे तपासणी अहवाल, प्रत्येकावर तारीख आणि हुद्दा. शेवटची बाब कुणी मागत नाही. तपासणी झालीच नसेल तर 'माहिती उपलब्ध नाही' असं लेखी येतं, आणि तो कागद जपून ठेवायचा.

---

रावपुरा_निवृत्त

टिपणी पानं मिळाली की मला द्या. चाळीस वर्षं तीच वाचलीत, कुणाचा शेरा कुठे फिरवलाय ते मला कळतं.

---

हरणीरोड

पालिकेच्या हद्दीत आज जिथे जिथे बोटिंग आणि मुलांची खेळणी ठेक्याने दिली आहेत, त्या सगळ्या जागांसाठी एक अर्ज करते. गुजरातीत लिहिलेला बरा, कचेरीत सोयीचा. मसुदा रविवारी इथेच टाकते, वकीलसाहेबांनी एकदा नजर घालावी.

---

मांजलपूरकर

मांजलपूर आणि तरसालीची यादी मी करतो. कोणत्या जागेवर कुठल्या ठेकेदाराचा फलक आहे त्याचे फोटो काढून आणतो, अर्जात जागेचं नाव नेमकं लागेल.